टीसीईसाठी जिवाणू निवडताना: सुधारित बर्कहोल्डेरिया की डिहॅलोकॉकॉइडीस?

ट्रायक्लोरोएथिलीन (टीसीई) हे कारखान्यांत वापरलं जाणारं क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट, पाण्याहून जड. भूजलात उतरलं की तळच्या चिकणमातीवर साचतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. जिवाणू निवडताना हा तळचा साठा डोळ्यांसमोर हवा.

बर्कहोल्डेरिया जी4 टीसीई फोडतो, पण लागणारं एन्झाइम तो टोल्यूइन किंवा फिनॉल मिळाल्यावरच बनवतो. ते विहिरीत कोण ओतणार? म्हणून एन्झाइम कायम चालू ठेवणारे वाण घडवले गेले. त्यांतला ईएनव्ही435 मातीला फारसा चिकटत नाही, त्यामुळे दूरवर पोचतो. न्यू जर्सीतल्या पेनसॉकनला त्याचं 550 लिटर द्रावण सोडल्यावर टीसीईसारख्या सॉल्व्हंटचं प्रमाण 2 दिवसांत जास्तीत जास्त 78 टक्क्यांनी घटलं. हा वेग डिहॅलोकॉकॉइडीसकडे नाही.

पण टीसीई हे त्याचं अन्न नव्हे. पेशीत साठवलेल्या पॉलिमरच्या शिदोरीवर तो राबतो. टीसीई फुटताना तयार होणारं इपॉक्साइड त्याच्याच प्रथिनांना चिकटून पेशी निकामी करतं. म्हणजे पुन्हा जिवाणूंची नवी खेप, पुन्हा एन्झाइमला लागणारा ऑक्सिजन. खालचा साठा मात्र विरघळतच असतो. माझं पारडं इथंच डिहॅलोकॉकॉइडीसकडे झुकलं.

डिहॅलोकॉकॉइडीस निसर्गातलाच. तो टीसीईवर श्वसन करतो, एकेक क्लोरीन काढत इथीनपर्यंत जातो आणि वाढत राहतो. काम महिनोन्‌महिने चालतं, तयारीही नेटकी लागते. आधी लॅक्टेट किंवा इमल्शन केलेलं वनस्पती तेल सोडून ऑक्सिजन संपू द्यावा. ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षमता दाखवणारं विद्युत मापन) उणे 75 मिलिव्होल्टच्या खाली गेल्यावरच कल्चर सोडावं, तेही नायट्रोजन किंवा आर्गॉनच्या दाबानं. घाई केली तर ऑक्सिजननं कल्चर मरतं.

खरी धास्ती इथीनच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे व्हिनाइल क्लोराइडवर, गाडी अडण्याची. ते टीसीईहून घातक. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम, याची 2. कारणं बहुधा तीन: व्हिनाइल क्लोराइडचं इथीन करणारं व्हीसीआरए किंवा बीव्हीसीए जनुक असलेला वाण नसणं, पीएच 6च्या खाली जाणं, आधी सोडलेलं लॅक्टेट किंवा तेल संपणं. म्हणून नुसतं टीसीई घटलं यावर विसंबू नये, इथीन मोजावं.

पाणी उपसून जमिनीवरच्या टाकीत शुद्ध करायचं असेल, तर मात्र सुधारित वाणाचा विचार जरूर करावा. तिथं हवा आणि खेप दोन्ही हातात असतात. फक्त परका जनुक घातलेला वाण असेल, तर आपल्याकडे 1989च्या नियमांखाली जीईएसीची (जनुकसुधारित जीवांना मंजुरी देणारी केंद्रीय समिती) परवानगी आधी घ्यावी लागते.