मास कॉम: गोव्यातच की मुंबईला?

बारावी झाली की आमच्याकडे प्रत्येक घरात हाच वाद, मास कॉम (मास कम्युनिकेशन, म्हणजे पत्रकारिता-जाहिरातीचा कोर्स) करायचंय पण कुठे? गोवा युनिव्हर्सिटीच्या एखाद्या कॉलेजात की मुंबई युनिव्हर्सिटीची याच विषयातली डिग्री बीएएमएमसी, म्हणजे जुनं बीएमएम.

मुंबईचा प्लस पॉइंट उघड आहे. शेवटच्या वर्षाला जर्नलिझम किंवा अ‍ॅडव्हर्टायझिंग निवडायचं, आणि एजन्सी, चॅनेलं तिथेच, त्यामुळे इंटर्नशिपला लोकल पकडून जाता येतं. पण रूमचं भाडं, बाबा! सरकारी युनिव्हर्सिटी म्हणून फी वाचवाल ती तिथेच जाणार.

गोव्यात घरचं जेवण, कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, पास, आणि माझ्या मते खरी मजा म्हणजे फिल्डवर्क: शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मोबाईलला कॉलर माईक लावून उभं राहा, कोंकणी, मराठी, हिंदी एकाच बाईटमध्ये (माईकवर घेतलेल्या प्रतिक्रियेत) येतं आणि एडिट करताना सबटायटल लिहून हात मोडतात. शिवाय २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीतच. मराठी पेपरांची कमी नाही, गोमन्तक तर १९६२ पासून चालूय. जाहिरातीतच जायचं असेल तर मात्र सरळ मुंबई गाठा, इथे मार्केट लहान. बातमीदारी करायची असेल तर मी म्हणेन पहिली डिग्री इथेच घ्या, मास्टर्सला बघू.