तोंडाच्या कर्करोगावर प्रकल्प: सॉक्स-२ घ्यावं की नॉच-१?

मिरज-सांगलीच्या पॅथॉलॉजी विभागांत तोंडाच्या कर्करोगाचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) कमी पडत नाहीत. तंबाखू आणि मावा ती बेगमी करतच असतात. एमडी, एमडीएस किंवा एमएस्सीचा विद्यार्थी अडतो तो जनुक निवडताना. सॉक्स-२ आणि नॉच-१ ही दोन्ही गर्भाची घडण करणारी जनुकं, दोन्ही कर्करोगात बिघडलेली सापडतात आणि दोन्हींच्या प्रस्तावात ‘बायोमार्कर (आजाराची मोजता येणारी खूण) व औषधाचं लक्ष्य’ हे शब्द जोडीनं येतात. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही जनुकांना एकच उत्तर लागू होत नाही.

नॉच-१ हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक. शेजारच्या पेशीनं इशारा दिला की गॅमा-सिक्रिटेज हे विकर त्याचा आतला तुकडा कापतं आणि तो तुकडा केंद्रकात जातो. कापणारं विकर अडवता येतं, म्हणून औषधाच्या दृष्टीनं हे सोयीचं लक्ष्य. गॅमा-सिक्रिटेज रोखणाऱ्या निरोगासेस्टॅटला २०२३ मध्ये अमेरिकेत डेस्मॉइड गाठींसाठी मान्यताही मिळाली. मात्र तोंडात गणित उलटतं. टी-पेशींच्या ल्युकेमियात नॉच-१ ची उत्परिवर्तनं त्याला कायमचं चालू ठेवतात. डोकं-मानेच्या स्क्वॅमस कर्करोगात (तोंडाचा कर्करोग बहुधा याच प्रकारचा) २०११ पासून सापडलेली बहुतेक उत्परिवर्तनं त्याला बंद पाडतात. इथं नॉच हा ब्रेक आहे, आणि तुटलेल्या ब्रेकवर आणखी रोधक देऊन काय साधणार? अल्झायमरसाठीच्या सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली, तेव्हा औषध घेणाऱ्यांत त्वचेचे कर्करोग वाढल्याचंही दिसलं होतं. प्रस्तावात ‘नॉच रोधक’ लिहिण्याआधी ही बाब नक्की वाचा.

बायोमार्कर म्हणूनही नॉच-१ कष्टाचं. ३४ एक्सॉन (जनुकाचे प्रथिनाची माहिती देणारे तुकडे), २,५५५ अमिनो आम्लं, आणि उत्परिवर्तनं ठिकठिकाणी विखुरलेली. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे अँटिबॉडीनं छेद रंगवताना, प्रथिन रंगलं म्हणून ते काम करतंय असं ठरत नाही. एका अमिनो आम्लाच्या बदलानं निकामी झालेलं प्रथिनही तसंच रंगू शकतं. म्हणजे सिक्वेन्सिंग, डीएनएची अक्षरं वाचणं, आलंच. जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुकडे झालेला असतो, त्यामुळे अँप्लिकॉन (पीसीआरनं वाढवायचा तुकडा) २०० बेसच्या आत ठेवा. ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमुळे डीएनएतल्या सी अक्षराचा टी झालेले खोटे बदल दिसतात. सिक्वेन्सिंगचं ग्रंथालय (डीएनए तुकड्यांचा तयार संच) बनवण्याआधी यूडीजी विकराची प्रक्रिया केली तर ते बरेच कमी होतात. त्याच रुग्णाचं रक्त तुलनेला नसेल, तर जन्मजात बदल कोणता आणि गाठीतला कोणता, हे सांगणं अवघड.

सॉक्स-२ चं नेमकं उलट. हा लिप्यंतरण घटक, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन आहे; डीएनएच्या अरुंद खाचेत बसणारा त्याचा ७९ अमिनो आम्लांचा भाग औषधाच्या लहान रेणूला धरायला खोबण देत नाही. थेट सॉक्स-२ वर मान्यता मिळालेलं औषध नाही. पण स्लाइडवर तो स्वच्छ वाचता येतो: रंग केंद्रकात येतो, आणि निरोगी तोंडाच्या आवरणातला तळचा थर आपोआप अंतर्गत नियंत्रण देतो. तो थरच कोरा राहिला तर गाठीचा ‘निगेटिव्ह’ निकाल मोजू नका.

कृती अशी: ३ ते ४ मायक्रॉनचा छेद चार्ज केलेल्या स्लाइडवर, पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीएमध्ये अँटिजेन रिट्रिव्हल (झाकलेलं प्रथिन उघडं करणं), ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, अँटिबॉडी, मग डीएबी हा तपकिरी रंग. १:१०० विरलन जमलं तर ०.१ मिली अँटिबॉडीत १०० मायक्रोलिटरप्रमाणे १०० स्लाइड निघतात. प्रमाणीकरणाला त्यातल्या २०-२५ जातील असं धरून चला. मोजणी ० ते ३०० च्या एच-स्कोअरनं (रंगाची तीव्रता आणि रंगलेल्या पेशींचं प्रमाण मिळून), दोन पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांचे आकडे न बघता करावी.

क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए किती हे मोजणारी चाचणी) करणार असाल तर सॉक्स-२ चा एक सापळा आहे. या जनुकाला इंट्रॉन (एक्सॉनांमधला, आरएनएतून वगळला जाणारा भाग) नाही. एरवी दोन एक्सॉनांवर पसरलेले प्रायमर घेऊन जीनोमिक डीएनएची भेसळ टाळता येते. इथं तो मार्गच नाही. डीएनेज प्रक्रिया आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायची नळी प्रत्येक नमुन्याला हवीच. त्या नळीत वक्र लवकर वर आला, तर तुम्ही आरएनए नव्हे, डीएनए मोजत आहात.

दोन्हींचा पाया मात्र बायोप्सीच्या बाटलीत घातला जातो. जत-आटपाडीहून तुकडा येतो तेव्हा फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट आणि बफर केलेलं असावं. बफर नसलेलं आम्ल होत जातं. रंग फिका पडतो, डीएनएही खराब होतो.

तिसरं नाव हेजहॉग या पेशींतल्या संदेशमार्गाचं निघतं, कारण तिथं औषध तयार आहे. आयडाहोत १९५७ च्या सुमारास व्हेराट्रम वनस्पती खाल्लेल्या गाभण मेंढ्यांना एकडोळी कोकरं झाली; त्यातल्या सायक्लोपामिन या रसायनावरून त्या मार्गातल्या स्मूदन्ड प्रथिनाचा माग लागला आणि २०१२ मध्ये ते रोखणाऱ्या व्हिस्मोडेगिबला मान्यता मिळाली. माडग्याळी मेंढ्या पाळणाऱ्यांच्या मुलखात ही हकिकत लगेच पटावी. पण ते औषध त्वचेच्या बेसल सेल कर्करोगासाठीचं. मिरजेतल्या जबड्या-जिभेच्या गाठींवर प्रकल्प करायला त्याचा आधार तोकडा आहे.

तर, दीड-दोन वर्षं आणि विभागातलीच साधनं हाताशी असतील तर सॉक्स-२ घ्या. जगण्याच्या कालावधीशी त्याचा संबंध शोधू नका. त्यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि थोड्या रुग्णांत ते सुटणार नाही. त्यापेक्षा ल्युकोप्लाकियाच्या (तोंडातल्या कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्याच्या) बायोप्सीत सॉक्स-२ तळचा थर सोडून किती वर चढलाय आणि डिस्प्लेसियाच्या (पेशींच्या कर्करोगपूर्व बिघाडाच्या) श्रेणीशी तो जुळतो का, हे तपासा. सिक्वेन्सिंगचा भागीदार आणि निधी पक्का असेल तरच नॉच-१. मग नैतिक समितीच्या संमतीपत्रात रक्ताचा नमुना आणि जनुकीय तपासणी, दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून घ्या.