मूक वाचनाचा तास की पुस्तक-चर्चेचा गट?

नागपुरातील एका शाळेच्या ग्रंथपाल मैत्रिणीपुढे प्रश्न आहे: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्याचा एकच तास मिळणार असेल, तर त्यात मूक वाचन घ्यावे की पुस्तक-चर्चेचा गट चालवावा?

खर्चात फारसा फरक नाही. मात्र गटासाठी एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती लागतात, तर मूक वाचनाला कपाटातील आहे तो संग्रह पुरतो.

श्रमांचे गणित वेगळे आहे. मूक वाचनात ग्रंथपालाने स्वतःही पुस्तक उघडून बसावे, एवढेच मुख्य काम. गटात मात्र प्रश्न काढणे, अबोल मुलांना बोलते करणे आणि बोलक्यांना आवरणे, हे दर आठवड्याला करावे लागते.

टिकाऊपणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत उत्साह असतो; पुढे परीक्षा जवळ आल्या की हाच तास गणिताकडे जातो. अशा वेळी मित्रांना शब्द दिलेला असल्यामुळे गटातील मुले मधल्या सुट्टीतही जमतात, मूक वाचन मात्र वेळापत्रकाबरोबरच संपते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे सूत्र मात्र मूक वाचनातच अधिक पाळले जाते, कारण तिथे निवड मुलाची असते.

वाचनाची सवयच नसलेल्या मोठ्या वर्गासाठी मूक वाचन घ्यावे. थोडेफार वाचणाऱ्या, पण एकट्या पडलेल्या मुलांसाठी गट.