आयरिश शिकावी की स्कॉटिश गेलिक?

या दोघी सख्ख्या बहिणी. दोघींनाही इंग्रजीने त्यांच्याच घरातून बाहेर काढलं. त्यामुळे एक निवडताना ती आज कोण, कुठे बोलतं हे आधी पाहा.

व्याकरणावरून मात्र निवडू नका, कारण मराठी माणसाला दोन्हींचं जवळचंच वाटेल. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हे आयरिशमध्ये ‘ता ल्यौर अगम’, गेलिकमध्ये ‘हा ल्योअर अकम’. शब्दशः ‘आहे पुस्तक माझ्याजवळ’. इंग्रजीतलं ‘हॅव’ इथे नाहीच. ‘हो-नाही’लाही वेगळे शब्द नाहीत. ‘येणार का?’ असं विचारलं की ‘येणार’ एवढंच उत्तर.

आयरिशच्या पाठीशी सरकार आहे. आयर्लंडच्या १९३७च्या राज्यघटनेत ती पहिली राजभाषा, शाळेत सक्तीची. २०२२पासून युरोपीय संघात तिला पूर्ण दर्जा आहे, म्हणजे अनुवादाचं कामही आहे. तरी २०२२च्या जनगणनेत आयरिश येते म्हणणारे १८ लाखांहून जास्त आणि शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार! हा आकडा मला फार लागतो. १८४५नंतरच्या दुष्काळात मेले, परागंदा झाले ते बरेचसे पश्चिमेकडचे गरीब, आयरिश बोलणारेच. मागे राहिलेल्यांनी पोरं उद्या बोटीत बसणार म्हणून त्यांना इंग्रजी शिकवली. घरात तुटलेला तो धागा शाळेला अजून जोडता आलेला नाही.

गेलिकला हा आधार फार उशिरा मिळाला. स्कॉटलंडच्या १८७२च्या शिक्षण कायद्यात तिचं नावही नव्हतं. तिच्यासाठी कायदा झाला २००५मध्ये. २०२२ला बोलणारे सुमारे ७० हजार. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची लुईस, युइस्ट आणि बॅरा ही बेटं तिचा गड, पण तिथेही आता गेलिक बोलता येणारे निम्म्याहून कमी आहेत.

मूल डब्लिनच्या शाळेत असेल, किंवा भाषेवर पोट भरायचं असेल, तर आयरिश घ्या. एडिंबरा-ग्लासगोत राहत असाल तर गेलिक माध्यमाची शाळा जरूर बघा. तिथे मुलं गणितही गेलिकमधून शिकतात. नुसत्या आवडीपोटी शिकणार असाल तर माझं मत गेलिकला. बोलणारे इतके थोडे उरलेत की नव्याने शिकणारा एकेक माणूस मोलाचा आहे.

डुओलिंगोवर दोन्ही आहेत, पण तिथेच अडकू नका. डोनेगलच्या ग्लेनकोलमकिल गावात प्रौढांसाठी आयरिशचे उन्हाळी वर्ग भरतात, आणि स्काय बेटावर तर गेलिकमधून शिकवणारं अख्खं कॉलेज आहे.