रीपर, सात महिन्यांनंतर (परभणी, पत्र्याची खोली, इन्व्हर्टर नाही)

रीपर या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरचे पैसे काल शेवटी भरले. साठ डॉलर, म्हणजे बँकेनं आपला हिस्सा कापून पाच हजारांच्या वर. त्यासाठी आधी कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करावे लागले, त्यात अर्धा दिवस गेला. घरी अजून सांगितलेलं नाही.

रीपरमध्ये काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच, ते लिहीत बसत नाही. मी ते घेतलं ते लाईटमुळं.

मे महिन्यात आत्या गंगाखेडहून पंधरा दिवस राहायला आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. जात्यावरच्या ओव्या तिला जेवढ्या येतात तेवढ्या आता आमच्यात कुणालाच येत नाहीत. तेव्हा माझ्याकडं महिन्याच्या भाड्याचं एक सॉफ्टवेअर होतं, दिसायला गुळगुळीत. उघडताना ते आधी नेटवर जाऊन भाडं भरलंय का ते बघायचं. नेट नसलं की बसा. एका दुपारी कूलर बंद, पंखा बंद, पत्रा तापलेला, आत्या घामाघूम होऊन गात होती आणि लाईट गेली. तासाभरानं आली तर ट्रॅक कोरा. आत्या म्हणाली, "मरू दे, परत म्हणते." म्हणली पण. त्यातल्या दोन ओव्या मात्र तिला परत आठवल्याच नाहीत.

यूपीएस का नाही, असं कुणी विचारील. आहे. बॅटरी बसलेली आहे.

त्याच रात्री भाच्यानं कॉम्प्युटरवर रीपर इन्स्टॉल करून दिलं. पहिलं मत फार वाईट होतं. सातबारा बघितल्यासारखं वाटलं, नुसते रकाने. तयार ढोल-तबले, पियानो असलं काही सोबत येत नाही. गॅरेजबँड या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची सवय असलेल्याला हे अगदी उघडंबोडकं वाटणार, पण गॅरेजबँडला अ‍ॅपलचं मशीन लागतं, तो विषय आमच्याकडं निघतच नाही. दुसऱ्या महिन्यापर्यंत मी भजनी मंडळात सगळ्यांना सांगत होतो की नवशिक्यानं याच्या वाटेला जाऊ नये, ऑडॅसिटी हे साधं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घ्यावं, फुकट आहे.

ते मत आता अर्धंच उरलंय. एकच आवाज घ्यायचा, कापायचा, एमपी३ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, तर आजही ऑडॅसिटीच. 3.2 आवृत्तीपासून त्यात इफेक्ट ऐकता ऐकता बदलता येतात, पूर्वी ती मोठी अडचण होती. पण पेटी, पखवाज, टाळ आणि चार गळे वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे झाले की मी रीपरच उघडतो.

हेडफोनची गंमत सांगतो. पहिल्या दिवशी आत्याला हेडफोन घातला तर ती मध्येच थांबली. "कोण रे माझी नक्कल करायलंय?" तिचाच आवाज मागून येत होता. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढं सोडतो तो, 1024 वर होता, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला जाताना तेवीस मिलिसेकंद आणि येताना परत तेवढेच. इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याचा) एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकून बफर 128 केला, तर एका बाजूचा उशीर तीनवर आला. नक्कल करणारी बाई गेली. आणखी एक, नवीन प्रोजेक्ट उघडला की मिनिटाला 120 ठोक्यांचा टेम्पो ठरलेलाच असतो. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, तिला 120 काय आणि 60 काय. ठोके देणारा मेट्रोनोम बंद करा, पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघांकडं (ग्रिड) बघू नका.

आता मुद्द्याचं. रेकॉर्डिंग चालू असताना मी मुद्दाम भिंतीवरचं बटन बंद केलं. तीन वेळा. भाचा ओरडला, "मामा, हार्ड डिस्क मारता का?" मारली तर मारली, मला बघायचं होतं. तिन्ही वेळा डॉक्युमेंट्समधल्या रीपर मीडिया फोल्डरात वेव्ह फाईल सापडली. प्रोजेक्ट सेव्ह केलेला नव्हता तरी. शेवटचा एखादा शब्द तुटलेला, बाकी सगळं जागच्या जागी. चौथ्यांदा महावितरणनं स्वतःच परीक्षा घेतली, ऐन काकड्याच्या भजनात. त्यातही पास.

मग पैसे भरायला सात महिने का लागले? चाचणीचे साठ दिवस संपल्यावरही ते चालूच राहतं, कुलूप लावत नाही. फक्त उघडताना आठवण करणारी एक खिडकी येते आणि ती जायला काही सेकंद थांबावं लागतं. मी पाच महिने थांबलो. त्या वेळात तंबाखू मळून व्हायची. पण परवा मंडळातले बुवा शेजारी बसलेले, ती खिडकी आली आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतंय ते?" मी म्हटलं, अपडेट आहे. रात्री झोप लागली नाही.

माझी सातवी आवृत्ती आहे, लायसन 8.99 आवृत्तीपर्यंत चालतं, म्हणजे बरीच वर्षं परत खर्च नाही.

आत्या संक्रांतीला येणार आहे, त्या दोन ओव्या आठवतात का बघू. यूपीएसच्या बॅटरीचा भाव विचारून आलोय. जरा जास्त सांगितला त्यानं.