प्रिटियर: कोट आवरतं, डेटा नाही

वसईतल्या हार्डवेअर दुकानांसाठी मी बिलिंगची पानं बनवतो. सिंगल (') आणि डबल (") अशा दोन्ही प्रकारच्या कोटांनी, म्हणजे अवतरणचिन्हांनी, उच्छाद मांडावा अशीच इथली यादी असते: पाइपचं माप १/२" आणि रोमन लिपीत 'डी'नंतर ॲपॉस्ट्रॉफी घेऊन येणारे डिमेलो, डिसूझा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्रिटियर हा कोड नीटनेटका मांडून देणारा फॉरमॅटर टाकला तो यासाठीच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१७पासून चालू आहे.

मूळ काम चोख. बाहेर डबल कोट, आत क्लासलाही डबल, म्हणून जागोजागी बॅकस्लॅश (\, 'हा कोट म्हणजे शेवट नव्हे' सांगणारी खूण) पेरलेली जावास्क्रिप्टमधली एचटीएमएलची ओळ सेव्ह करताच साफ होते: बाहेर सिंगल, आत डबल, बॅकस्लॅश गायब. ज्या कोटाने बॅकस्लॅश कमी लागतील तो ते निवडतं. बरोबरी झाली की मात्र डबलच. म्हणजे एकच ऑनक्लिक (बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगणारा भाग) आणि त्यात सिंगल कोटातला एक कोड असेल, तर बॅकस्लॅश जिथल्या तिथे. तिथे दोन्ही कोटांऐवजी सरळ बॅकटिक (`) वापरावी, टॅबच्या वरची कळ. २०१५पासून जावास्क्रिप्टमध्ये आहे. प्रिटियर आपणहून बॅकटिक लावून देत नाही, हे मला खटकतं.

एखादा कोट बंद करायचा राहिला तर सेव्ह करूनही फाइल ढिम्म हलत नाही. ही खूण फार कामाची.

खरी गोम पुढे आहे. एचटीएमएलच्या व्हॅल्यू ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे खोक्यात काय दिसावं ते डबल कोटात लिहायच्या जागी, माप तसंच चिकटवलं की ब्राउझर इंचाच्या खुणेलाच शेवट समजतो आणि खोक्यात नुसतं १/२ उरतं. प्रिटियरच्या लेखी ओळ निर्दोष, कारण माप येतं डेटाबेसमधून. बॅकस्लॅश देऊन उपयोग नाही, एचटीएमएलला तो कळतच नाही. डिमेलोंचं 'उधारी' बटण तर आणखी तिरपागडं: ऑनक्लिकमध्ये ॲपॉस्ट्रॉफीच्या जागी एचटीएमएलचा सांकेतिक कोड घातला तरी ब्राउझर तो आधी उलगडतो, मग जावास्क्रिप्टला देतो, आणि नावातच कोट बंद होतो. बटण मेलेलंच.

त्यामुळे एचटीएमएलची ओळ न जोडता बटण जावास्क्रिप्टच्या क्रिएटएलिमेंटने बनवायचं, नाव टेक्स्टकंटेंटमध्ये, माप डेटासेटमध्ये आणि क्लिक ॲडइव्हेंटलिसनरने. कोटांचा प्रश्नच येत नाही, शिवाय नावाच्या रकान्यात कुणी टॅग लिहिला तरी तो अक्षरं म्हणूनच दिसतो.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक बॅकटिकसाठी; डेटाचं खापर बिचाऱ्या फॉरमॅटरवर कशाला फोडायचं?