पेपर सुधारायचा, नवा आणायचा की बंद करायचा?

वर्ष संपत आलं की विभागाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "हा पेपर आता काढूनच टाकू." (पेपर म्हणजे इथे अभ्यासक्रमातला एक विषय.) पण त्याआधी एक प्रश्न असतो: कॉलेज संलग्न (विद्यापीठाचा सिलॅबस शिकवणारं) की स्वायत्त (स्वतःचा सिलॅबस ठरवणारं)?

संलग्न असाल तर पेपर तुमचा नाहीच. मुंबई विद्यापीठाचा सिलॅबस थेट सिंधुदुर्गापर्यंत, सात जिल्ह्यांत शिकवला जातो. अभ्यासमंडळ (विषयाचा सिलॅबस ठरवणारी समिती), विद्याशाखा, विद्यापरिषद ही मंजुरीची चढण चढल्याशिवाय त्यातली ओळही हलत नाही. तुमच्या हाती फार तर अभ्यासमंडळाला मुद्देसूद पत्र, आणि ते पत्र जरूर लिहावं. स्वायत्त कॉलेजांत (सेंट झेवियर्स २०१०पासून स्वायत्त आहे) अभ्यासमंडळ घरचं. तरी मोकळं रान नाही: तिथे बाहेरचे तज्ज्ञ बसतात, कुलगुरूंनी नेमलेलेही असतात, आणि पदवी शेवटी विद्यापीठच देतं.

पुढचं सगळं स्वायत्तवाल्यांसाठी.

सुधारणा सगळ्यात स्वस्त. नाव तेच, क्रेडिट (तासांवर ठरणारं पेपरचं वजन) तेच, आत एखादं युनिट बदलायचं. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे ६० तास. चार युनिटं धरली तर एकाला १५. नवं युनिट घालायचं तर जुनं एक काढायलाच हवं. इथेच भांडणं होतात, कारण प्रत्येक युनिटाला कुणीतरी वाली असतो. मग काहीच न काढता भर घालत जातात आणि शेवटचं युनिट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावतपळत उरकतात. क्रेडिटला मात्र हात लावू नका. एका पेपरचे दोन वाढले की सेमिस्टरची अख्खी बेरीज कोसळते.

नवा पेपर बैठकीत सगळ्यांना आवडतो. तो मेजरमध्ये (मुख्य विषयात) बसतो, मायनरमध्ये (जोडविषयात) की ओपन इलेक्टिव्हमध्ये (दुसऱ्या शाखेतल्या निवडीच्या विषयात), हे आधी ठरवा. शिकवणारा आहे का? ग्रंथालयात पुस्तकं आहेत का? एकाच माणसाच्या आवडीवर उभा असेल, तर तो माणूस निवृत्त झाल्यावर पेपरही अनाथ होतो.

बंद करणं दिसतं सोपं, पडतं महाग. केटी लागलेली (पेपर राहिलेली) मुलं जुन्याच सिलॅबसवर बसणार, म्हणजे न शिकवलेल्या पेपरच्या प्रश्नपत्रिका काढत राहायचं. नव्या शैक्षणिक धोरणाचा साचा स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ला आला, संलग्नांत वर्षभराने. परीक्षा विभागाने जुन्या-नव्या सिलॅबसची ही दुहेरी कसरत तेव्हा केलीच आहे.

इलेक्टिव्हला मुलं मिळत नसतील तर मी चौथी वाट धरेन: पेपर मंजूर यादीत ठेवा, फक्त यंदा देऊ नका. परत आणायचा झाला तर नव्याने मंजुरीची यातायात नको.

आणि बंदच करायचा असेल तर वर्कलोडचा (कोण किती तास शिकवतो त्याचा) कागद समोर घेऊन बसा. आठवड्याचे चार तास गेले की पहिला फटका बहुधा तासिका तत्त्वावरच्या, विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या प्राध्यापकाला बसतो. बैठकीला त्याला बोलावलेलंही नसतं.